नीट ‘येतो’ म्हण ना, बाबा

माझ्या एक्झिट गाजलेल्या आहेत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एकांकिका होते आणि तिच्यात मला निदान एकदा तरी रंगमंचावरून निघून जायला मिळावं अशी माझी अट असते. प्रवेश काय, कुणीही घेतं. जाताना मान किती वळवायची, चौकटीला बोटं कुठे टेकवायची, शेवटचं वाक्य पाठमोरं टाकायचं की थांबून, हे देवाघरचं देणं आहे आणि ते मला मिळालंय, असं मीच सगळ्यांना सांगत असतो.

असा हा कलावंत मागच्या हिवाळ्यात स्वतःच्या घराबाहेर पडू शकत नव्हता. आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनचं आमचं घर स्टेशनपासून सात मिनिटांवर आहे. मी सात चाळीसच्या गाडीसाठी सव्वासातला बूट घालून दाराशी उभा राहायचो आणि ती गाडी चुकायची. कारण मला ‘येतो’ म्हणता येत नव्हतं. म्हणजे म्हणत होतो, पण माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या मते नीट म्हणत नव्हतो.

हे लिहितोय ते तिच्या परवानगीने. रेवाने एकच अट घातली आहे, की ती रडते ते फार वेळा लिहायचं नाही. मी दोनदाच लिहिणार आहे. माझं स्वतःचं रडणं कितीही वेळा लिहायची मुभा आहे.

अकरा प्रकारचे ‘येतो’

रेवा इथेच जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं, तेही अशा पक्क्या आयरिश हेलात की माझ्या बायकोला, शुभदाला, कधीकधी माझ्याकडे बघून अर्थ लावावा लागतो. (तिची वाक्यं मी इथे बहुतेक मराठीत लिहितोय.) त्यामुळे गेल्या सप्टेंबरात एके सकाळी ती पायऱ्यांवर बसून स्वच्छ मराठीत म्हणाली, “नीट ‘येतो’ म्हण ना, बाबा,” तेव्हा मला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं.

घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. हे तुम्हाला काय सांगायचं. मी ‘येतो’ म्हणणार, ती ‘ये’ म्हणणार, दार बंद. त्या दिवशी तिने पुन्हा म्हणायला लावलं. मला तो वन्स मोअर वाटला. मग मी खलनायकाचा ‘येतो’ दिला. दुसऱ्या दिवशी राजाचा, मग रुसलेल्या नवरदेवाचा, मग दात दुखणाऱ्या पोस्टमनचा. असे अकरा झाले. ती हसायची. हसायची कधी थांबली ते मला सांगता येणार नाही. समोरचं माणूस हसायचं थांबलं की नट काय करतो? जोर वाढवतो. मी तेच केलं.

नोव्हेंबरपर्यंत नियम तयार झाले होते. दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत. बॅग डाव्या खांद्यावर. नजर तिच्या नजरेत. माझा ‘तो’ संपायच्या आत तिचं ‘ये’ सुरू व्हायला हवं. मध्ये बाहेरून गाडी गेली, नळ वाहिला, शुभदा खोकली, की पहिल्यापासून. शुभदा एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, की ती खेळत नाहीये, तिच्या हातांकडे बघ. मी म्हणालो, तुला नाटकातलं काही कळत नाही. बोललेलं एखादं वाक्य परत घ्यायची सोय असती तर मी तेवढं एक घेतलं असतं.

संस्कार

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे, कारण ती चारचौघांत झाली.

पुस्तकाला पाय लागला की वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा, हे तिला आम्ही दोघांनी शिकवलं होतं. मंडळाच्या दिवाळीत तिचा पाय खाली पडलेल्या कार्यक्रमपत्रिकेला लागला आणि तिने नमस्कार केला. बायका हरखल्या. इथे वाढून पोरीवर काय संस्कार आहेत, असं दोघीतिघी म्हणाल्या. मी तिथेच होतो. टाळ्यांचा वास मला फार लांबून येतो. ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांच्यासाठी मी तिला पुन्हा करायला लावलं.

तिने केलं. एकदा नाही, तीनदा, डोळे घट्ट मिटून, ओठांत काहीतरी पुटपुटत. लोकांना ते आणखीच आवडलं.

ती काय पुटपुटत होती ते आम्हाला मार्चमध्ये कळलं. ‘आई नको, बाबा नको. आई नको, बाबा नको.’ म्हणजे मरायला.

बाईंचा भिडस्तपणा

फेब्रुवारीत तिच्या वर्गशिक्षिकेने, मिस नोलनने, बोलावून घेतलं. आम्ही दोघं त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलो. बाई पंचविशीच्या असतील. त्या मानेपर्यंत लाल झाल्या होत्या आणि अशा जपून बोलत होत्या, की मला वाटलं पोरीने कुणाला तरी चावलंय.

रेवा एरवी ‘ग्रँड’ आहे, म्हणजे उत्तम, त्या म्हणाल्या. हुशार आहे, मनमिळाऊ आहे. पण वाचनाचं पुस्तक उघडायला तिला फार वेळ लागतो, कारण ते आधी कपाळाला लावावं लागतं, आणि नीट लागलं नाही तर पुन्हा. बूट कुणाच्या दप्तराला लागला तर ती वाकते, मागची रांग थांबते. मधल्या सुटीत ती मैदानावर जात नाही, दारातच उभी असते, कारण तिथवर जाताना कुणाच्या ना कुणाच्या वस्तूला पाय लागतो. हे ऑक्टोबरपासून चालू आहे.

मग त्यांनी हातातला रुमाल चुरगळला. “मला वाटलं तुमच्या धर्मात असेल. त्यावर मी काही बोलणं बरं दिसणार नाही म्हणून थांबले. मला विचारायचंय... हे तुमच्यात असं असतं का?”

मी तोंड उघडलं. आपल्या परंपरेवर दहा मिनिटं बोलायची माझी तयारी कायम असते. पण त्याआधी शुभदा म्हणाली, “नाही. एकदा करायचं असतं. एकदाच.”

शाळेने आमच्या धर्माचा मान राखला होता. आम्ही घरी संस्कारांचं कौतुक केलं होतं. पाच महिने सगळे मोठे लोक अतिशय चांगले वागले होते आणि पोरगी दारात एकटी उभी होती.

तुमच्या घरातलं मूल एखादी चांगली गोष्ट फारच नीट करत असेल, तर ती करताना त्याचा चेहरा बघा. त्याला हायसं वाटतंय की आनंद होतोय, एवढाच फरक आहे. मला तो दिसला नाही म्हणून सांगतोय.

निदानाचा दिवस

आमच्या जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांनी, सरकारी मानसोपचार सेवेला पत्र लिहिलं. तिथली रांग लांब होती. तोपर्यंत क्लोनडॉकिनला एका मानसतज्ज्ञ बाईंकडे एका गुरुवारची वेळ रिकामी झाली. बाईंचं नाव ओर्ला. पन्नाशीच्या, विणलेला कार्डिगन, कोपरावर ठिगळ. आधी त्या रेवाशी एकट्या बोलल्या. आम्ही बाहेर बसलो. भिंतीवर मासे चिकटवलेले होते, शुभदाने ते सगळे मोजले आणि मला सांगितले. मी काही मोजलं नाही. मी एका औषधनिर्मितीच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, दिवसभर सह्यांवर सह्या तपासतो. शंका घेण्याचा मला पगार मिळतो. घरातली शंका मात्र मला दिसली नव्हती, हेच डोक्यात फिरत होतं.

मग आम्हाला आत घेतलं. ओर्लाने विचारलं, की निघताना रेवा जे करायला लावते त्यात तुम्ही तिला साथ देता का. साथ? मी अकरा प्रकार मोजून दाखवले. दोन करूनही दाखवले. पोस्टमनच्या ‘येतो’ला ओर्ला खरोखर हसली. मग तिने पेन खाली ठेवलं.

हा ओसीडी आहे, ती म्हणाली. डोक्यात एक भीतीचा विचार येतो, तो जावा म्हणून मूल काहीतरी करतं, क्षणभर बरं वाटतं, की विचार पुन्हा हजर. रेवाला वाटतं, तुमचा निरोप नीट झाला नाही तर तुम्ही परत येणार नाही. आणि तिला हेही कळतं की हे खरं नसणार. दोन्ही एकाच वेळी. सात वर्षांच्या मुलीला ते किती दमवत असेल बघा.

मी विचारलं, हे माझ्यामुळे झालं का. तिने ताबडतोब नाही म्हटलं. ना तुमच्या पद्धतीमुळे, ना तुमच्या नकलांमुळे. हा आजार घरात जे हाताशी असेल ते उचलतो. दुसऱ्या घरी नळ असतात, दिव्यांची बटणं असतात. तुमच्या घरी त्याला हे सापडलं. “पण तुम्ही प्रेमळ बाप आहात,” ती म्हणाली, “आणि त्याला तुमच्यासारखे लोक फार आवडतात. तुम्ही त्याला रोज सकाळी नाश्ता वाढता.”

क्लोनडॉकिन ते ॲडम्सटाउन मी एक शब्द बोललो नाही. शुभदाने नंतर सांगितलं, की लग्नाला चौदा वर्षं झाली, तिला खरी भीती वाटली ती त्या पंधरा मिनिटांत.

त्या आठवड्यात भारतातून फोन आले. मीठमोहरी ओवाळा. लाड कमी करा. एवढ्याशा पोरीला कसला मानसिक आजार, तिकडे डॉक्टरांना उद्योग नाही. शुभदा एका फोनवर फार भांडली, मग फोन ठेवून माझ्याशी भांडली, कारण मी जवळ होतो. ती म्हणाली, मी नोव्हेंबरात सांगितलं होतं. सांगितलं होतंच. मी भांडी घासत राहिलो. घासलेलीही पुन्हा घासली.

युअर मॅन

ओर्लाची पहिली युक्ती अशी, की आजाराला नाव द्यायचं, म्हणजे तो आणि मूल वेगळे होतात. मी घरी जाऊन राक्षसांची यादी केली, दोघांची चित्रंही काढली. रेवाने ती बघितली आणि बाजूला सारली. इकडे कुणाचं नाव घ्यायचं नसलं, ‘तो अमका’, ‘तो बाबाजी’ म्हणायचं असलं, की ‘युअर मॅन’ म्हणतात. रेवाने आजाराचं नाव ठेवलं युअर मॅन. मला ते फार साधं वाटलं. दोन दिवसांनी ती वैतागून म्हणाली, “युअर मॅन पुन्हा सुरू झालाय,” शेजारच्या काकांच्या कुत्र्याबद्दल बोलतो त्या सुरात, आणि मला कळलं की तिची निवड बरोबर होती. राक्षसाला घाबरतात. युअर मॅनला कंटाळतात.

मग कागदावर एक जिना काढला. खालच्या पायरीवर सोपं, वर अवघड. प्रत्येक पायरीला शून्य ते दहा भीतीचा आकडा. पहिली पायरी: पुस्तकाला मुद्दाम पाय लावायचा आणि दूध पिऊन होईपर्यंत नमस्कार करायचा नाही. तिथे आकडा चार होता. मला, मिलिंद देशपांडेला, मुलीला पुस्तकावर पाय ठेवायला शिकवताना काय वाटलं ते विचारू नका. शिकवण्यासाठी आधी मी ठेवला. मनात दोनदा माफी मागितली. ओर्लाला ते बहुधा दिसलं.

सगळ्यात वरची पायरी रेवाने स्वतः लिहिली, मुंगीएवढ्या अक्षरात. ‘बाबा जातो म्हणणार आणि जाणार.’ आकडा दहा. मग तिने दहा खोडून अकरा केला.

काही मुलांना याबरोबर औषधही लागतं आणि त्यात काही कमीपणा नाही. आम्हाला लागलं नाही. आम्हाला लागला तो माझा कंटाळवाणेपणा. ओर्ला म्हणाली, तुम्ही दारात जितके रंगाल तितका युअर मॅन रंगतो. एकदाच म्हणायचं, सपाट म्हणायचं. माझ्या आयुष्यातली सर्वात अवघड भूमिका. शुभदा दिग्दर्शक झाली. जेवणानंतर आमच्या तालमी चालायच्या, मी दारात, ती सोफ्यावर. “अजून सपाट,” ती म्हणायची. “भुवई हलली. पुन्हा. आता आवाजात दुःख आलं. दुःख नको, मीटर वाचणाऱ्याचा आवाज काढ.” त्या महिन्यात आम्ही पहिल्यांदा एकत्र हसलो ते या तालमींत.

नागपूरहून आई

एप्रिलमध्ये माझी आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आली. वय चौऱ्याहत्तर, सामानात अर्धी बॅग सांडग्यांची. जिना भिंतीवर लावलेला होता. शुभदाने तिला पायरी पायरी समजावून सांगितलं. वरची पायरी ऐकल्यावर आई खुर्चीत बसली.

“मिल्या, लेकराला काय शिकवून राहिला तू?” ती म्हणाली. “दारातून ‘जातो’ म्हणणार? बाप्पा.”

मी तिला आजार समजावला. तिने सगळं ऐकलं, मान हलवली आणि सांडगे तळायला गेली. पोरीचं दुखणं तिला मान्य होतं. त्यावरचा इलाज तेवढा मान्य नव्हता.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील सकाळी भाजी आणायला बाहेर पडले आणि कोपऱ्यावर कोसळले. आम्ही सगळे नागपूरला गेलो. त्या दिवसांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, की त्या दिवशी ते ‘येतो’ म्हणाले नाहीत, ‘जातो गं’ म्हणाले. पाच वर्षांची रेवा तिच्या मांडीवर बसलेली असायची. मराठी सगळं कळणारी.

गाडी सापडली

मेच्या शेवटी आम्ही वरच्या पायरीवर पोचलो. रेवा पायऱ्यांवर बसली होती, तिचे दोन्ही हात तिच्या मांड्यांखाली. तिनेच मान हलवली, की आता. मी मीटर वाचणाऱ्याच्या आवाजात म्हणालो, “जातो.” आणि गेलो.

वळायचं नाही, अशी ओर्लाची सूचना होती. मागून तिचा हुंदका आला. एक. मी चालत राहिलो. लोकांनी मला पाठमोरं टाळ्या दिल्या आहेत, पण त्या सात मिनिटांत पाय कसे उचलायचे तेच मला आठवेना. स्टेशनवर सात चाळीसची गाडी उभी होती. कित्येक महिन्यांत मी ती बघितलीही नव्हती. बसलो. दोन स्टेशनांवर माझा कारखाना, तेवढ्यात मी समोरच्या बाईंच्या छत्रीकडे बघत भरपूर रडलो. त्यांनी मला न बोलता एक पेपरमिंट दिली.

कामावर पोचेपर्यंत शुभदाचा निरोप आला. दारात पंचवीस मिनिटं. आकडा दहा, मग आठ, मग सहा. मग तिने टोस्ट मागितला.

तो टोस्ट मी जन्मात विसरणार नाही, आणि मी तो पाहिलासुद्धा नाही.

आवाजाची नक्कल

पुढचे दोन आठवडे ती फारच झपाट्याने सुधारली. मी जातो म्हणायचो, तिचा आकडा दोन. ओर्लाने भुवया उंचावल्या, म्हणाली, छान, पण जरा लक्ष ठेवा.

एके सकाळी मी ओळखपत्र विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो. शुभदा वर अंघोळीला होती. किल्लीने दार उघडलं, तर स्वयंपाकघरापलीकडच्या छोट्या खोलीतून, कपड्यांच्या कपाटाच्या बाजूने, आवाज आला.

“बाबाच्या आवाजात म्हण, आजी.”

आणि माझ्या आईने, माझ्या आवाजात, ‘येतो’ म्हटलं. शेवटी माझी ती हलकीशी लकबसुद्धा होती. शंभर टक्के मी. नट कुणाच्या रक्तातून आला ते मला त्या दिवशी कळलं. मला आधी हसू आलं. मग मी खाली पायरीवर बसलो, कारण दोन आठवडे रोज मी निघून गेल्यावर माझा ‘येतो’ या घरात चोरून वाटला जात होता.

मी आईला नको ते बोललो. तीन महिन्यांसाठी आलीस आणि पोरीचं सगळं कमावलेलं मागे नेलंस, असं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “तुझे बाबा ‘जातो’ म्हणून गेले. माझे हात कणकेत होते. ‘येतो म्हणा’ एवढं टोकायचं होतं मला. मी टोकलं नाही. वाटलं, येतीलच दहा मिनिटांत.” तळवे पदराला पुसत म्हणाली, “टोकलं असतं तर.”

दोन वर्षं ती ही गोष्ट सगळ्यांना सांगत होती आणि आम्ही सगळे ती वडिलांची गोष्ट म्हणून ऐकत होतो. ती तिची स्वतःची गोष्ट होती, हे कुणी विचारलंच नव्हतं.

रेवा आमच्यामध्ये उभी होती. तिने आजीचा हात धरला. “आजी,” ती म्हणाली, “दॅट्स युअर मॅन टॉकिंग.”

“कोणता माणूस?” आईने विचारलं.

मग रेवाने तिला सगळं सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्या मराठीत. तो खोटं सांगतो. तो म्हणतो तू नीट केलं नाहीस म्हणून माणूस मरतो. त्याचं ऐकणारं कुणी आहे कळलं की तो जास्त बोलतो. आपण त्याला म्हणायचं, असेल, माहीत नाही, आणि टोस्ट खायचा. आई तिच्याकडे बघत होती. मी तिला दोन महिने हेच समजावत होतो, पण मी नकला करून समजावत होतो.

विमानतळ

आई जुलैत परत निघाली. जिन्याला रेवाने वर आणखी एक पायरी जोडली होती, कागद पुरला नाही म्हणून भिंतीवर. ‘आजी, एअरपोर्ट.’ आई कबूल झाली होती. ती करेल यावर शुभदाचा आणि माझा विश्वास नव्हता. गाडीत तिने तीन वेळा पदर सारखा केला.

चाकाच्या खुर्चीवर तिला बसवलं. ढकलणारा मुलगा सुरक्षा तपासणीच्या तोंडाशी सभ्यपणे थांबला. आईने रेवाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“जाते गं, रेवा,” ती म्हणाली. एवढंच ठरलं होतं. पण ती थांबली नाही. “पुन्हा भेटू की नाही, माहीत नाही मला.”

शुभदाची नखं माझ्या दंडात रुतली. हे कुठल्याच पायरीवर लिहिलेलं नव्हतं. रेवाचे डोळे भरले, ओठ हलायला लागले. मी ते ओठ ओळखत होतो. मग तिने दोन्ही हात जाकिटाच्या खिशात कोंबले आणि म्हणाली, “ओके, आजी.”

खुर्ची वळली. आईने मागे बघितलं नाही. तिला ते किती जड गेलं असेल, ते तिच्या मानेवरून दिसत होतं.

विमानतळाच्या कुंपणाबाहेर रस्त्याकडेला लोक गाड्या लावून विमानं उडताना बघतात. आम्हीही थांबलो, चिप्सची पुडी घेऊन. शुभदा बाहेर कठड्यापाशी उभी राहिली, रेवा आणि मी गाडीतच. आईचं विमान आलं, धावलं, उठलं आणि ढगात गेलं. रेवाने आकडा सांगितला, आठ. मी मान हलवली. धीर द्यायचा नसतो, त्यावरही युअर मॅन पोसतो. आम्ही चिप्स खाल्ल्या.

मग मी फोन काढला. त्यात नकाशावर विमानं दिसतात, पिवळी, माशीएवढी. आईचं समुद्रावर पोचलं होतं. मी फोन ठेवला. पुन्हा काढला. विमान जरासं पुढे गेलं होतं. ठेवला. काढला.

“बाबा, काय करतोयस?”

“विमान बघतोय.”

“विमान गेलं. किती वेळा बघितलंस?”

“दोनदा.”

“नऊ,” ती म्हणाली. तिने हात पुढे केला, तळवा वर. ओर्लाच्या खोलीत ती अशीच बसायची, शांत, जरा कंटाळलेली. मी फोन दिला. तिने समोरचा खण उघडला, फोन आत ठेवला, खण लावला.

“तुझा आकडा किती?”

मी खरं सांगितलं. नऊ.

“माझा सहा.” तिने पुडीतली शेवटची चिप मोडून अर्धी मला दिली.

मी विचारलं, आता काय करायचं.

“काही नाही,” रेवा म्हणाली. “बसायचं.”

आम्ही बसलो.